विलायतेहून घरीं परतलेले डॉ. पंजाबराव देशमुख

आमच्या मोर्शी तालुक्यांतील मुलें आतां शिक्षणासाठीं पुण्यामुंबईसच नव्हे, तर सातासमुद्रांपलीकडेहि जाऊं लागलीं आहेत. संत्र्याचा बहार विकून, शेत तारण ठेवून, बँकेचें कर्ज काढून आईबाप त्यांची पाठवणी करतात. गेलेला मुलगा परत येईल कीं नाहीं, आणि आलाच तर घरच्या माणसांना व गांवच्या मातीला ओळखील कीं नाहीं, ही काळजी प्रत्येक घरीं असते. फक्त ती कोणी बोलून दाखवीत नाहीं इतकेंच. या काळजीचा विचार करीत असतां आम्हांस आपल्याच जिल्ह्यांतील एका थोर पुरुषाचें चरित्र आठवलें. ते सहा वर्षें विलायतेंत राहिले, तेथल्या दोन विद्यापीठांच्या पदव्या व बॅरिस्टरी मिळवून परत आले, आणि परत आल्यावर त्यांना खऱ्या शिक्षणास आरंभ करावा लागला. डॉ. पंजाबराव देशमुख हें नांव वऱ्हाडांत कोणास सांगावयास नको. त्यांच्या नांवाच्या शाळा, रस्ते व चौक आपण रोज पाहतों. परंतु नांव डोळ्यांपुढें फार वेळां आलें म्हणजे त्यामागचा माणूस दिसेनासा होतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हा लेख.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजीं पापळ या गांवीं झाला. हें गांव अमरावतीच्या दक्षिणेस, पूर्वीच्या चांदूर व आतांच्या नांदगांव खंडेश्वर तालुक्यांत आहे. वडिलांचें नांव शामराव व आईचें राधाबाई. घराणें मूळचें कदमांचें. देशमुखी वतनामुळें देशमुख हें आडनांव पडलें. देशमुख म्हटलें कीं वाडा, दिंडी-दरवाजा व नोकरचाकर डोळ्यांपुढें येतात. शामरावांचें घर मात्र शेतीवर चालणारें होतें. काळी जमीन, पऱ्हाटी आणि ज्वारी, आणि पाऊस लहरी. अशा घरांतील मुलाचें शिक्षण गांवच्या शाळेंत जेवढें होईल तेवढेंच, अशी त्या काळची रीत होती. पंजाबरावांच्या वडिलांनीं ती रीत मोडली. मुलगा पापळच्या शाळेंतून चांदूरास गेला, तेथून कारंजास, आणि कारंजाहून अमरावतीच्या हिंदु हायस्कुलांत. एकेका इयत्तेसाठीं गांव बदलावें लागत होतें. आपले बाळवाचक बसनें अर्ध्या तासांत शाळेंत पोंचतात, त्यांना याची कल्पना येणें कठीण आहे. परक्या गांवांत कोणाच्या तरी ओसरीवर राहावयाचें, मिळेल तेथें जेवावयाचें आणि सुटी लागली कीं बैलगाडीनें अगर पायीं घर गांठावयाचें, असें त्या काळच्या खेड्यांतील विद्यार्थ्यांचें जीवन होतें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मॅट्रिक झाल्यावर पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले. तेथील शिक्षण पुरें होण्यापूर्वींच, १९२० सालीं, त्यांनीं विलायतेस जाण्याचें ठरविलें. खर्चासाठीं वडिलांनीं जमीन गहाण टाकली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. शेतकऱ्यानें जमीन गहाण टाकणें म्हणजे काय, हें येथील पालकांस आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं. लग्नासाठीं, बैलजोडीसाठीं, दुष्काळांत पोट भरण्यासाठीं वऱ्हाडांत जमिनी गहाण पडत. त्या बहुधा सुटत नसत. मुलाच्या शिक्षणासाठीं, आणि तेंहि जें कोणी डोळ्यांनीं पाहिलें नाहीं अशा देशांतील शिक्षणासाठीं, जमीन गहाण टाकणें हा त्या काळीं वेडेपणाच वाटला असेल.

त्याच १९२० सालीं आणखी एक महाराष्ट्रीय विद्यार्थी अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं दुसऱ्यांदां लंडनास गेला होता. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एक महार जातींत जन्मलेले, लष्करांतील सुभेदाराचे पुत्र. दुसरे वऱ्हाडांतील कुणबी-मराठा शेतकऱ्याचे चिरंजीव. दोघांचे अभ्यासाचे विषय निराळे, शहरें निराळीं. पुढें सात वर्षांनीं हे दोघे अमरावतीस एका कार्यांत एकत्र आले. तें यथाक्रम येईल.

पंजाबरावांनीं स्कॉटलंडांतील एडिंबरो विद्यापीठांत नांव घातलें व संस्कृत हा विषय घेतला. आम्हांस याचें प्रथम नवल वाटलें. शेतकऱ्याचा मुलगा, जमीन गहाण टाकून गेलेला. त्यानें एंजिनियरिंग शिकावें, शेतकी शिकावी, वैद्यक शिकावें. संस्कृत शिकावयास स्कॉटलंडास कशाला जावें? परंतु त्या काळची स्थिति लक्षांत घेतली म्हणजे नवल उरत नाहीं. वेद हा विषय आपल्या देशांत ठराविक जातींच्या ताब्यांत होता. शेतकऱ्याच्या मुलानें वेद शिकावयास बसावें, हें येथें सहज घडण्यासारखें नव्हतें. एडिंबरोस संस्कृताच्या अध्यासनावर आर्थर बेरिडेल कीथ हे विख्यात पंडित होते. तेथें वर्गांत बसणाऱ्याची जात कोणी विचारीत नव्हतें. व्याकरण येतें कीं नाहीं, एवढेंच पाहत. जें ज्ञान स्वतःच्या गांवीं अडून राहिलें होतें, तें मिळविण्यासाठीं पापळच्या मुलाला उत्तर समुद्राच्या कांठीं जावें लागलें. यांतील विपरीतपणा त्यांच्या मनांत पुढें पुष्कळ दिवस घोळला असावा, असा आमचा तर्क आहे.

एडिंबरोची एम्. ए. ची पदवी त्यांनीं संस्कृत घेऊन सन्मानपूर्वक मिळविली. संशोधनासाठीं त्यांना तेथील व्हॅन्स डनलॉप ही शिष्यवृत्ति मिळाली. मग ऑक्सफर्ड विद्यापीठांत त्यांनीं वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला आणि डॉक्टर ही पदवी संपादन केली. बॅरिस्टरीची परीक्षाहि याच काळांत दिली. प्रबंधाचा विषय थोडक्यांत असा: वेदांतील देवता व धर्मकल्पना एकदम आकाशांतून पडलेल्या नाहींत. त्यांतील कांहीं फार जुन्या, इतर आर्यभाषी लोकांच्या देवतांशीं नातें सांगणाऱ्या. कांहीं येथें आल्यावर वाढलेल्या. कांहीं मागें पडून विसरल्या गेलेल्या. द्यौस् हा आकाशदेव ग्रीकांच्या झ्यूसचा भाऊबंद. वरुण एके काळीं फार थोर, पुढें केवळ पाण्याचा देव झालेला. इंद्राचें तेज ऋग्वेदांत सर्वांहून अधिक, पण आज त्याचें देऊळ शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. सारांश, धर्म हा वाढत व बदलत आला आहे. हा विचार पुस्तकांत असतांना निरुपद्रवी दिसतो. तो घेऊन मनुष्य गांवीं परत आला म्हणजे काय होतें, हें पाहण्यासारखें आहे.

१९२६ सालीं पंजाबराव परतले. तेव्हां त्यांचें वय २७ वर्षांचें होतें. अमरावतीस त्यांनीं वकिली सुरूं केली. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरास त्या काळीं पैसा व मान दोन्ही मिळत. बंगला बांधावा, मोटार घ्यावी, क्लबांत जावें, कलेक्टरसाहेबांशीं हस्तांदोलन करावें आणि वर्षांतून एकदां गांवीं जाऊन लोकांचे रामराम घ्यावेत, हा मार्ग मळलेला होता. त्या मार्गानें गेलेल्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. वडिलांची गहाण जमीन सोडविणें हेंहि पुत्रकर्तव्यच आहे. परंतु पंजाबराव घरीं आले तेव्हां त्यांना जें दिसलें, तें जातांना त्यांनीं शेंकडों वेळां पाहिलें होतें आणि तरी पाहिलें नव्हतें. सहा वर्षें दूर राहिल्यावर ओळखीच्या वस्तु नव्यानें दिसूं लागतात. गांवांतील विहीर, देवळाचा दरवाजा, सावकाराची वही आणि रिकामी शाळा, या चार गोष्टी त्यांनीं जणूं पहिल्यानेंच पाहिल्या, असें त्यांच्या पुढील कृत्यांवरून म्हणावें लागतें. त्यांनीं स्वतः यांचा कोठें असा पाढा वाचला आहे असें नव्हे. आम्ही त्यांच्या कामाच्या क्रमावरून बोलतों.

पहिलें काम विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याचें. खेड्यांतून अमरावतीस शिकावयास येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना राहावयास जागा नव्हती. हीं मुलें कशीं दिवस काढतात, हें पंजाबरावांनीं अंगावर सोसलें होतें. परत आल्यावर लवकरच त्यांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढलें. स्वामी श्रद्धानंदांचा डिसेंबर १९२६ मध्यें दिल्लीस खून झाला होता. अस्पृश्यतानिवारणासाठीं झटणाऱ्या त्या संन्याशाचें नांव छात्रालयास दिलें. या छात्रालयांत सर्व जातींच्या मुलांस प्रवेश होता. आज हें वाक्य वाचतांना कोणी थांबणार नाहीं. १९२७ च्या सुमारास मात्र याचा अर्थ असा होता कीं, कुणब्याचा, माळ्याचा, तेल्याचा आणि महाराचा मुलगा एका छपराखालीं निजणार व एका चुलीवरची भाकरी खाणार. छात्रालयाचा खर्च कोठून काढावयाचा, त्याहूनहि आपला मुलगा तेथें ठेवावा कीं नाहीं, हा कित्येक पालकांपुढें प्रश्न असेल. तरी मुलें आलीं.

दुसरा प्रश्न देवळाचा. अमरावतीची अंबादेवी हें साऱ्या वऱ्हाडाचें दैवत. मोर्शीहूनहि नवरात्रांत तिच्या दर्शनास किती लोक जातात, तें आपण जाणतोंच. त्या देवळांत अस्पृश्यांस प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून १९२७ सालीं अमरावतीस चळवळ उभी राहिली, आणि पंजाबराव तिच्यांत पुढाकारानें सामील झाले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजीं अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरांत परिषद भरली. अध्यक्षस्थानीं डॉ. आंबेडकर होते. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता. त्यामुळें साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष या परिषदेकडे होतें. परिषद चालूं असतांनाच आंबेडकरांस त्यांचे वडील बंधु बाळाराम हे वारल्याची बातमी पोंचली. एका व्यासपीठावर हे दोन विलायतेहून परतलेले गृहस्थ बसले होते, असें चित्र आम्ही मनाशीं आणतों. आंबेडकरांस परतल्यावर जें कळलें, तें पंजाबरावांना कळलेल्याहून फार कठोर होतें. १९१७ सालीं अमेरिकेंतील व लंडनमधील शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांस राहावयास घर मिळेना. परदेशची पदवी जातीचें दार उघडीत नाहीं, हें त्यांस स्वतःच्या अंगावर कळलें. पंजाबरावांना दार उघडेंच होतें. तेव्हां त्यांच्यापुढें प्रश्न असा होता कीं, आपणांस उघडें असलेलें दार दुसऱ्यास बंद असेल, तर आपण आंत जाऊन स्वस्थ बसावें कीं काय? आणि हे गृहस्थ तर वेदांतील धर्मावर ऑक्सफर्डास प्रबंध लिहून आलेले! ज्यांच्या हातीं देवळाच्या किल्ल्या होत्या ते धर्माचें नांव सांगत होते. ज्यानें धर्माचा इतिहास मुळापासून अभ्यासला होता तो बाहेर उभ्या असलेल्यांच्या बाजूस होता.

त्याच नोव्हेंबर महिन्यांत पंजाबरावांचा विवाह झाला. वधू विमलाबाई वैद्य, मुंबईच्या, सोनार जातीच्या. देशमुखाच्या घरांत परजातीची सून येणें ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती. जातिभेद मोडा, असें सभेंत सांगणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्या टाळ्यांचा आवाजहि मोठा असतो. परंतु सभा आटोपून घरीं आल्यावर मुलाचें लग्न जमवितांना त्यांचें काय होतें, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. पंजाबरावांनीं आधीं घर बदललें. विमलाबाई पतीच्या कार्यांत शेवटपर्यंत सोबत राहिल्या आणि त्यांच्या पश्चात् राज्यसभेच्या सभासदहि झाल्या.

आतां विहिरीची गोष्ट. १९२८ सालीं पंजाबराव अमरावती डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले. हल्लीं ज्यास जिल्हा परिषद म्हणतात तिचा हा पूर्वीचा अवतार. त्या अधिकाराचा उपयोग करून त्यांनीं सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांस विहिरीचें महत्त्व सांगणें नको. वैशाखांत गांवच्या विहिरी तळ गांठतात. अशा वेळीं अस्पृश्य बाईनें घागर घेऊन विहिरीपासून दूर उभें राहावें, आणि स्पृश्यांपैकीं कोणाला दया आल्यास त्यानें वरून तिच्या घागरींत पाणी ओतावें, अशी रीत होती. कौन्सिलचा ठराव झाला म्हणून ही रीत दुसऱ्या दिवशीं थांबली, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. कागदावरचा हुकूम विहिरीपर्यंत पोंचावयास वर्षें लागतात. तरीहि सरकारी पैशानें खणलेल्या विहिरीवर कोणाचा हक्क, याचा निवाडा झाला, आणि पुढें भांडणाऱ्यास त्या निवाड्याचा आधार मिळाला.

अध्यक्ष या नात्यानेंच त्यांनीं जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा उद्योग आरंभिला. त्यासाठीं पैसा हवा, म्हणून कर वाढविले. येथें त्यांना एक नवीन गोष्ट कळली असेल. ज्या शेतकऱ्याच्या मुलासाठीं शाळा काढावयाची, त्याच शेतकऱ्याच्या खिशांत हात घालावा लागतो. आणि मुलगा शाळेंत गेला म्हणजे गुरें कोण राखील, हा त्याचा प्रश्न राहतोच. सक्तीचें शिक्षण हें वर्तमानपत्रांत गोड लागतें. शेतांत सरकी टोबण्याच्या दिवसांत तें तितकें गोड लागत नाहीं. परंतु पंजाबरावांनीं लोकांची नाराजी पत्करून कर बसविले. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील हें काम मोठ्या मंत्रिपदांहूनहि अधिक धाडसाचें आहे. कारण मंत्र्याचा मतदार दूर असतो, कौन्सिलच्या अध्यक्षाचा मतदार त्याच्या ओसरीवर येऊन बसतो.

१९३० सालीं ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले आणि शिक्षण, शेती वगैरे खात्यांचे मंत्री झाले. या ठिकाणीं त्यांच्यावर जो आक्षेप घेतात तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्याच वर्षीं देशांत कायदेभंगाची चळवळ पेटली होती. आपल्या वऱ्हाडांतच बापूजी अणे यांनीं पुसदेस जंगल सत्याग्रह करून कारावास पत्करला होता. अशा वेळीं परक्या सरकारच्या कौन्सिलांत मंत्रिपद घेणें पुष्कळांस रुचलें नाहीं. आम्हांस स्वतःस यांत कोणा एकाची बाजू सर्वस्वीं खरी वाटत नाहीं. तुरुंगांत गेलेल्यांच्या त्यागामुळें राज्य परत मिळालें, हें खरें. आणि त्या तीन वर्षांत शेतकऱ्याच्या घरावर जप्ती येत होती, तिची वाट पाहत बसण्यास शेतकऱ्याला सवड नव्हती, हेंहि खरें.

जप्तीचें कारण असें. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ पासून अमेरिकेंत यादवी युद्ध चालूं झालें आणि तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यानें ज्वारी कमी करून कापूस वाढविला. भाव चढे असतांना सावकारानें सढळ हातानें कर्ज दिलें, भाव उतरल्यावर जमीन घेतली. हें चक्र पुढें साठसत्तर वर्षें फिरत राहिलें. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापूस मातीमोल झाला. मूळ मुद्दल केव्हांच फिटलें, तरी व्याज वाढतच आहे, अशा हजारों वह्या सावकारांच्या कपाटांत होत्या. यावर १९३३ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत कर्ज-लवाद कायदा झाला. त्याचें श्रेय वऱ्हाडांत पंजाबरावांना देतात. कायद्याची रचना साधी होती. लवाद मंडळें नेमावीं. ऋणको व धनको दोघांस समोरासमोर बोलवावें. किती देणें खरें व किती फुगविलेलें हें तपासावें. समेटानें रक्कम ठरवून ती झेपतील अशा हप्त्यांनीं फेडावयास लावावी. सावकारास बुडवावयाचें नव्हतें, परंतु शेतकऱ्यासहि बुडूं द्यावयाचें नव्हतें. पुढें बंगाल, आसाम वगैरे प्रांतांनींहि असे कायदे केले. या मंत्र्याच्या बापानें मुलाच्या बोटीच्या भाड्यासाठीं जमीन गहाण टाकली होती, ही गोष्ट हा कायदा वाचतांना आम्हांस विसरतां येत नाहीं.

मंत्री असतांनाच, १९३२ सालीं, त्यांनीं हिंदु देवस्थानांच्या संपत्तीविषयीं एक विधेयक मांडलें. देवळांत पडून राहिलेला पैसा शिक्षणासारख्या लोकोपयोगी कार्यास लावावा, असा त्याचा आशय होता. यावर मोठें वादळ झालें. तें होणारच होतें. मनुष्य देवासाठीं देणगी देतो तेव्हां तिच्यावर पुढें कोणाचा हक्क, हा प्रश्न आजहि सुटलेला नाहीं. १९३३ सालीं पंजाबराव मंत्रिपदावरून दूर झाले. याच वर्षीं त्यांचा ऑक्सफर्डचा प्रबंध तेथील विद्यापीठाच्या छापखान्यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. एका वर्षांत कर्जाचा कायदा आणि वेदांवरचा ग्रंथ, असा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो.

देवळाच्या पैशानें शाळा निघाल्या नाहींत. तेव्हां लोकांच्या पैशानें काढावयाच्या, असें ठरलें. १९३२ सालीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. तिचा विस्तार येथें सांगूं लागलों तर वार्षिकाचीं सारीं पानें संपतील. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ अशा जिल्ह्यांत तिच्या शाळा, वसतिगृहें व महाविद्यालयें निघालीं. एका पिढींत ज्याला सही येत नव्हती त्याची नात पुढच्या पिढीत शिक्षिका झाली, अशीं घरें आपल्या तालुक्यांतहि आहेत. याच काळांत गाडगेबाबा हातांत खराटा घेऊन वऱ्हाडच्या खेड्यांतून फिरत होते आणि भांडीं विकून टाका पण मुलाला शिकवा, अशा अर्थाचें कीर्तन करीत होते. गाडगेबाबा कधीं शाळेंत गेले नाहींत. पंजाबराव ऑक्सफर्डापर्यंत गेले. आणि दोघे एकाच ठिकाणीं येऊन पोंचले. परदेशगमनाचा महिमा गाणाऱ्यांनीं ही गोष्टहि मनांत ठेवावी, असें आम्ही सुचवितों.

पुढील चरित्र सुप्रसिद्ध आहे, म्हणून तें भरभर सांगतों. पंजाबराव घटना समितीचे सभासद होते. तेथें त्यांनीं मागासलेल्या वर्गांच्या व शेतकऱ्यांच्या हिताची बाजू आग्रहानें मांडली. १९५२, १९५७ व १९६२ या तिन्ही निवडणुकींत ते अमरावतीहून लोकसभेवर गेले. १९५२ पासून दहा वर्षें ते केंद्र सरकारांत मंत्री होते आणि शेती हा त्यांचा विषय राहिला. १९५३ सालीं त्यांनीं भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम देशभर चालविली. गादीवाफ्यावर रोप करावें, बीं कमी वापरावें, लावणी ओळींत करावी, ओळींमधून कोळपणी करावी व खत भरपूर द्यावें, एवढाच तिचा गाभा. आपल्याकडे भात फारसें होत नाहीं, म्हणून तिचें महत्त्व आम्हांस चटकन् कळत नाहीं. कोंकणांतील व भंडाऱ्याकडील शेतकऱ्यांस विचारावें. परदेशांत जें चांगलें दिसेल तें आणावयाचें, परंतु तें आपल्या बांधावर उतरवून पाहावयाचें, ही त्यांची जुनीच खोड येथेंहि दिसते. १९५५ सालीं त्यांनीं भारत कृषक समाज स्थापन केला. डिसेंबर १९५९ मध्यें दिल्लीस जागतिक कृषि प्रदर्शन भरलें, तेंहि त्यांच्याच खटपटीचें फळ. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्याच्या उद्घाटनास आले होते. त्या प्रदर्शनांत देशोदेशींचीं यंत्रें व पिकें पाहावयास खेड्यापाड्यांतून शेतकरी आले. ज्यांना समुद्र ओलांडणें शक्य नव्हतें, त्यांच्यासाठीं समुद्रापलीकडील शेती दिल्लीस आणून ठेवली होती.

वऱ्हाडांत त्यांना सर्व लोक भाऊसाहेब म्हणत. १० एप्रिल १९६५ रोजीं दिल्लीस त्यांचें देहावसान झालें. तेव्हां ते लोकसभेचे सभासद होते. चार वर्षांनीं, १९६९ सालीं, अकोल्यास कृषि विद्यापीठ निघालें व त्यास त्यांचें नांव दिलें गेलें. अमरावतीस १९८४ सालीं निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयासहि त्यांचेंच नांव आहे. ज्यांनीं वरुण आणि इंद्र यांवर ग्रंथ लिहिला, त्यांच्या नांवाच्या विद्यापीठांत ऋग्वेद शिकवीत नाहींत. तेथें काळी माती तपासतात, कापसाचें व तुरीचें बीं निवडतात, आणि संत्र्याच्या बागांवरील रोगांवर इलाज शोधतात. आमच्या तालुक्यांतील बागाईतदार पावसाळ्याच्या तोंडावर तेथल्या सल्ल्याची वाट पाहत असतात.